सोळाचं अ‍ॅव्हरेज

"त्यांच्याकडं सगळंच वाढीव असतंय हो. मार्कं वाढीव, बढती वाढीव, आता गाडीचं अ‍ॅव्हरेजबी वाढीव."

काळेसाहेब हे हळू आवाजात बोलले, पण लातूरच्या त्या दोन खोल्यांमध्ये हळू असं काही बोलताच यायचं नाही. व्हरांडा आणि आतली खोली यांच्यामध्ये फक्त एक फुलाफुलांचा पडदा होता, आणि त्या पडद्यामागे मी सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशा घेऊन उभी होते. पप्पा वही आणायला पलीकडच्या खोलीतल्या कपाटाकडे गेले होते. काळेसाहेबांबरोबर आलेले, पप्पांच्याच कचेरीतले आणखी एक गृहस्थ "हाव, ते बी खरंच म्हणा" म्हणून हसले. पप्पा वही घेऊन बाहेर गेले तेव्हा दोघेही गंभीर चेहऱ्याने बसले होते. मी बशा ठेवल्या. काळेसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "इंग्लिश मिडियम का? वा, वा!" म्हणाले. मी मान हलवली. त्या वयात मी बहुतेक प्रश्नांना मानेनेच उत्तर द्यायची.

जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्या ताज्या रंगवलेल्या आणि कचेऱ्या मात्र भाड्याच्या घरांमध्ये, एका खोलीत टेबलं आणि दुसऱ्या खोलीत घरमालकाच्या ज्वारीची पोती, अशी गंमत. पप्पांची बदली नांदेडहून लातूरला झाली. माझ्या शाळेसाठी घर नांदेडलाच राहिलं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आई आणि मी सोमवारी पहाटे पप्पांबरोबर लातूरला यायचो आणि शनिवारी परत जायचो. पाऊस दोन वर्षं झाला नव्हता. लातूरला नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. येईल तेव्हा गल्लीत भांड्यांचा असा काही आवाज उठायचा की लग्नाचा बँड लांबून यावा तसं वाटायचं. नांदेडला गोदावरी होती, रोडावलेली पण होती, आणि आमच्या फाटकाजवळच्या नळाला सकाळी तासभर चांगलं पाणी यायचं. त्यामुळे नांदेडहून लातूरकडे जाणारा कुणीही माणूस रिकाम्या हातांनी जात नसे. एसटीतसुद्धा लोक पायांत पाण्याचे कॅन धरून बसलेले असत.

आमची गाडी जुनीच घेतलेली होती. चार दारं, मागे मोठी डिकी, रंग दुधात चहा जरा कमी पडल्यासारखा. आमच्या नात्यागोत्यात ती पहिली गाडी. पण पप्पांचा अभिमान गाडी असण्याचा नव्हता, तिच्या अ‍ॅव्हरेजचा होता. हमरस्त्यावर लिटरला सोळा. एवढी मोठी गाडी आणि सोळा, यावर कुणाचा विश्वास बसत नसे, आणि विश्वास न बसणाऱ्याला पप्पा वही दाखवत. वही मी लिहायची. टाकी पार गळ्यापर्यंत भरायची, गाडीला मागून दोन-तीन धक्के देऊन आतली हवा बाहेर काढायची, पुन्हा भरायची. मीटरचा आकडा लिहायचा. लातूरला पोचलं की पुन्हा गळ्यापर्यंत. जितके लिटर बसले त्यांनी किलोमीटर भागायचे. भागाकार मी मनातल्या मनात करायची आणि पप्पा आरशातून माझ्याकडे बघून उत्तराची वाट बघायचे. वर्गात मी कधी हात वर केला नाही, पण त्या आरशातल्या डोळ्यांना मी आकडा सांगायची तेव्हा मला मी हुशार आहे असं वाटायचं.

सोळा फुकट येत नव्हते. पप्पांची गाडी चालवण्याची एक पद्धत होती आणि ती आम्हाला सगळ्यांना पाठ होती. काटा पन्नासच्या पुढे न्यायचा नाही. लांबून बैलगाडी दिसली की आधीच पाय काढायचा, म्हणजे ब्रेक लावावा लागत नाही. "ब्रेक लावला म्हणजे आत्तापर्यंतचं पेट्रोल रस्त्यावर ओतलं," असं ते म्हणत. चाकांतली हवा दर सोमवारी बघायची. रेल्वेच्या फाटकापाशी, दुकानापाशी, कुठंही गाडी उभी राहिली की इंजिन बंद. आई मागच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन, नाकाशी लिंबू धरून बसलेली असे आणि म्हणे, "एवढा जीव जर माझ्या चुलीला लावला असता तर एका काडीवर सैपाक झाला असता."

आता माझ्या भाच्याच्या गाडीत अ‍ॅव्हरेज समोरच्या काचेखाली आपोआप उमटतं, दर मिनिटाला बदलतं. तो कौतुकाने म्हणतो, मावशी बघ, बावीस. मी खिडकीबाहेर बघते. त्याला वाटतं मला यंत्रांमधलं कळत नाही.

वाटेत अहमदपूर गेलं की एक फाटा लागायचा. बाभळीचं एक झाड, सायकलच्या पंक्चरची एक टपरी आणि आत तीन किलोमीटरवर आत्याचं गाव. आत्या पप्पांची थोरली बहीण. पप्पांना तिनेच वाढवलेलं, तिच्याच मजुरीवर ते नांदेडच्या वसतिगृहात शिकलेले. दर सोमवारी ती आणि तिची सून फाट्यावर उभ्या असत. आम्ही वीस-वीस लिटरचे दोन पांढरे कॅन भरून आणायचो, त्या दोघी डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक घेऊन जायच्या, आणि शनिवारी परतताना रिकामे कॅन आमच्या डिकीत टाकायच्या. आत्याच्या वस्तीचा आड आटला होता. टँकर यायचा तो गावातल्या विहिरीत पाणी सोडायचा, आणि वस्तीची पाळी येईतो विहिरीत गाळ उरलेला असायचा. बोअरचं पाणी मचूळ, भांड्याला पांढरं धरणारं. म्हणून पिण्यापुरतं आमचं पाणी. फाट्यासाठी मात्र पप्पा ब्रेक लावायचे. ते वहीत धरलेलंच असे. सोळा यायचे ते आम्हा तिघांना, दोन कॅनना आणि फाट्यावरच्या थांब्याला धरून यायचे.

खरं सांगायचं तर मला तो फाटा आवडत नसे. आत्या गाडीच्या काचेवर बोटं वाजवायची. "सुजे, बाहेर ये की माय! गाडीला चिकटलीस का?" मी आतूनच हसायची. माझं मराठी पुस्तकातल्यासारखं यायचं आणि मी एक वाक्य बोलले की आत्याची सून पदर तोंडाला लावायची. "मडमीनबाई बोलल्या!" त्यात वाईट काही नव्हतं. पण मी ठरवून टाकलं होतं की बोलायचंच नाही. त्या मोठ्याने बोलत, रस्त्यावर मोठ्याने हसत, पप्पांना "नामा" म्हणत, आणि मी गाडीत वहीत डोकं घालून भागाकार तपासत बसे.

तर त्या दिवशी व्हरांड्यात वही चाळून काळेसाहेब म्हणाले, "वहीत काय हो, वहीत काहीबी लिहिता येतं. आम्हाला बसवून दाखवा एकदा." पप्पा म्हणाले, "बसा की. कधी बसता?" काळेसाहेबांच्या मेहुण्याचं लग्न पुढच्या रविवारी नांदेडलाच होतं. सोमवारी ते आमच्याबरोबर परत येतील असं ठरलं. सगळे हसत होते. पप्पाही हसत होते. त्यांनी ते बोलणं ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते मी, आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही. आठवडाभर ते वाक्य माझ्या कानात राहिलं. मार्कं वाढीव. माझ्या शाळेत हे असंच, पण इंग्रजीत, एका मुलीने मला म्हटलं होतं. सोळाचे पंधरा आले असते तर काळेसाहेबांनी ते साऱ्या कचेरीला सांगितलं असतं. आणि तेव्हा तो आकडा गाडीचा राहिला नसता.

मी हिशेब केला. काळेसाहेब पंच्याऐंशी किलोच्या खाली नव्हते, शिवाय लग्नातली त्यांची बॅग. एवढं वजन वाढलं तर सोळा येणार नाहीत. काहीतरी कमी करायला हवं होतं. आई कमी होणार नव्हती, मी फार तर चाळीस किलो, आणि वही लिहायला मी हवी होते. उरलं पाणी. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. शाळेत शिकवलेलं विज्ञान घरात कधी उपयोगाला आलं असेल तर ते तेव्हा.

कॅन भरण्याचं काम माझंच असे. रिकामे कॅन डिकीतच ठेवायचे आणि फाटकाजवळच्या नळाची पाइप थेट कॅनमध्ये सोडायची, म्हणजे उचलावे लागत नाहीत. त्या सोमवारी पहाटे पप्पा चाकांतली हवा बघत होते. आई आत लसणाची चटणी कुटत होती, तिचा ठोका गल्लीपर्यंत ऐकू येत होता. मी नळ सोडला. पाइप लिंबाच्या आळ्यात टाकली आणि पाण्याचा आवाज होऊ दिला. आळं भरलं, पाणी फाटकाखालून रस्त्यावर गेलं. किती वेळ लागतो ते मला माहीत होतं, तेवढा वेळ मी डिकीशी उभी राहिले. मग दोन्ही कॅनची झाकणं घट्ट लावली आणि डिकी आपटून बंद केली.

"पाणी भरलं का गं?" पप्पांनी चाकापाशी बसूनच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

आत्याची लेक माहेरी बाळंतीण आहे, बाळ पंधरा दिवसांचं आहे, आणि मागच्या शनिवारी आत्याने पप्पांना मुद्दाम "सोमवारी चुकू नको रं बाबा, लेकराचं पोट बिघडून राहिलंय त्या बोरच्या पाण्यानं" असं सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं असं लिहायला मला आवडलं असतं. मला माहीत होतं. मी काच वर करून बसले होते, पण काच पूर्ण लागत नसे.

काळेसाहेब पुढे बसले. पंपावर त्यांनी स्वतः उतरून टाकी गळ्यापर्यंत भरली आहे की नाही ते बघितलं, धक्केसुद्धा त्यांनीच मारले. लोहा गेलं. पप्पा इतके छान गाडी चालवत होते की मला अजून आठवतं. चढावर गाडी उगाच दामटत नव्हते, उतारावर तिला तिच्या मनाने जाऊ देत होते. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. काळेसाहेब लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते, बुंदी कशी कमी पडली, व्याही कसे रुसले. आईने धपाटे काढून दिले. काळेसाहेबांनी हात मागे घेतला, म्हणाले, "पोट जड आहे, लग्नाचं खाणं." आईने डबा बंद केला आणि पुन्हा लिंबू नाकाशी धरलं.

फाटा आला. पप्पांनी आधीच पाय काढला होता, तरी ब्रेक लावावाच लागला. काळेसाहेब म्हणाले, "हे काय, थांबताय? अ‍ॅव्हरेज जाईल की!"

"जाऊ द्या. ते धरलेलंच आहे," पप्पा म्हणाले आणि इंजिन बंद करून उतरले.

आत्या बाभळीखालून उठली. "आलास का नामा? जयभीम साहेब. ये, सुजे, आज तरी उतरशील?" तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. सून चुंबळ नीट करत होती. मी वहीत बघत होते. मागे डिकी उघडल्याचा आवाज आला, आणि मी आरशात बघितलं. उघडलेली डिकी आणि मागच्या काचेची फट यांतून मला पप्पांचे फक्त हात दिसले. वीस किलो उचलायला तयार झालेले हात. त्यांनी कॅनचा कान धरला, जोर लावला, आणि कॅन रिकामा असल्यामुळे हात एकदम वर उडाला, डिकीच्या पत्र्यावर आपटला. मग त्यांनी दुसरा कॅन नुसता बोटाने हलवून पाहिला.

पंक्चरवाला सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवत होता, त्याचे बुडबुडे ऐकू येतील असं वाटलं.

"अक्का," पप्पा म्हणाले, "पाणी भरायचं माझ्याकडून राहून गेलं गं."

"बरं," आत्या म्हणाली. "असू दे. कामाचा माणूस हायस. हे घे, तिळाची चटणी हाय, तुला आवडती म्हणून केली." ते फडकं तिने खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. अजून गरम होतं. गाडीत बसल्यावर आरशातून पप्पांनी माझ्याकडे बघितलं. आकडा विचारताना बघायचे तसं नाही. मी भागाकार करत असल्याचं दाखवलं.

लातूरच्या पंपावर साडेआठ लिटर बसलं. मीटरवर एकशे चाळीस झाले होते. काळेसाहेबांनी स्वतःच बोटांवर आकडेमोड केली, दोनदा केली, आणि पप्पांच्या पाठीवर थाप मारली. "साडेसोळाला आलं की हो! मानलं बुवा! मला वाटलं होतं… जाऊ द्या, मानलं." त्यांच्या आवाजात खरोखरच आदर होता. माझं एवढं सगळं या एका वाक्यासाठी होतं, आणि ते मिळालं होतं.

पप्पांनी माझ्या हातून वही घेतली. "हे धरू नका, काळेसाहेब," ते म्हणाले. "दर वेळी माझ्या गाडीत चाळीस लिटर पाणी असतं. आज नव्हतं. त्यामुळे हा आकडा खरा नाही." आणि त्यांनी त्या ओळीवर, मी सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या साडेसोळावर, आडवी रेघ मारली.

"काय राव तुम्ही! मी बसलो होतो की जास्तीचा!" काळेसाहेब म्हणाले. "कोण विचारतंय?"

"कुणी नाही," पप्पा म्हणाले.

त्या आठवड्यात पप्पा मला काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना माझ्या ताटात भाकरी वाढली की ते आईला म्हणायचे, तिला येसराची आमटी दे, तिला आवडते. आत्याची तिळाची चटणी मधोमध असायची. मला ती खाता आली नाही. आईने विचारलं, तिखट लागते का? मी मान हलवली. पुढच्या सोमवारी दुप्पट पाणी भरू, चार कॅन भरू, मी कुणालाही न सांगता भरीन, असे बेत मी अंथरुणात पडून करत होते. सांगण्याचा बेत मात्र केला नव्हता.

शनिवारी परतताना आत्या एकटीच फाट्यावर होती. या वेळी तिच्याकडे कॅन नव्हते, ते आमच्याच डिकीत रिकामे पडलेले. पप्पांनी खिडकीतूनच विचारलं, "लेकरू कसं आहे, अक्का?"

"ब्येस हाय की आता. दूध पिऊन राहिलं, पाय झाडून राहिलं." आत्या गाडीच्या दाराला टेकली. ती हसत होती. "सोमवारी मग काय, गेले मळ्यावर. तिथं मोटारीचं पाणी गोड हाय न्हाई का. मळ्याची म्हातारी म्हणली, घागर खाली धर, मी वरून सोडते. म्हणलं बरं. बसले खाली. आई बसायची न्हाई का तशी, तशीच बसले." तिने हाताने दाखवलं, कमरेइतक्या उंचीवरून पाणी कसं पडलं ते. "निम्मं पाणी पायावरच! म्हणलं, आजी, आंघोळच घातलीस की माझ्या पायांना!"

ती हसली. पप्पा हसले नाहीत. आत्याची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. धम्माची दीक्षा घेऊन परत आली तेव्हा ती पंचविशीची होती, आणि त्या दिवशी तिने सासूसमोर घागर आपटून सांगितलं होतं की आजपासून वरून पडणारं पाणी घेणार नाही, तहानेनं मेले तरी. तेव्हापासून ते त्या सोमवारपर्यंत तिने ते पाळलं होतं.

"अक्का…" पप्पा म्हणाले.

"आरं, लेकरासाठी गेले. पाणीच होतं ते, इख न्हवतं. आन् तुझा काय दोष, नामा? माणूस हाय, इसरतो."

"हं," पप्पा म्हणाले. "विसरलो खरं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडीचं इंजिन चालूच आहे. पप्पांनी ते बंद केलंच नव्हतं. गाडी जागेवर उभी, सीट बारीक थरथरत होती, पेट्रोल जळत होतं, आणि पप्पा स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. ते मला वाचवत होते. मी गप्प राहिले असते तर त्यांनी मला जन्मभर असंच वाचवलं असतं, आणि आत्याने त्यांना दर सोमवारी माफ केलं असतं.

मी दार उघडलं. फाट्यावर मी पहिल्यांदाच खाली उतरले होते. आत्याला इतकं आश्चर्य वाटलं की तिने पदर सावरला, पाहुणीसमोर सावरावा तसा. तिच्या पायांवर, टाचांच्या भेगांमध्ये, पांढरी धूळ बसली होती. जे मराठी आलं ते पुस्तकातलंच आलं.

"आत्या, पप्पा विसरले नव्हते," मी म्हणाले. "पाणी भरायचं काम माझं होतं. मी मुद्दाम भरलं नाही."